झोपेत बाळ दात खातंय? आधी उठवू नका, नीट ऐका

मुलगी दीड वर्षाची असताना एका रात्री मला वाटलं कपाटामागे उंदीर काहीतरी कुरतडतोय. नवऱ्याला उठवलं, मोबाईलचा टॉर्च मारून कपाटामागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, आणि मग कळलं की आवाज पलंगावरूनच येतोय. पिल्लू गाढ झोपलेलं, ओठ मिटलेले, खालचा जबडा इकडून तिकडे सरकतोय आणि करकर करकर... जेमतेम बारा दात तोंडात आणि त्यातून एवढा आवाज!

डॉक्टर याला ब्रक्सिझम म्हणतात. वरचे आणि खालचे दात समोरासमोर आले की हे कधीही सुरू होऊ शकतं आणि लहान मुलांमध्ये हे खूप कॉमन आहे, पक्के दात येण्याच्या काळात म्हणजे साधारण 6 ते 12 वर्षांत बहुतेकांचं आपोआप जातं. होतं काय, तर झोप मधेच काही सेकंद हलकी होते, हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि त्याच वेळी जबड्याचे स्नायू आवळले जातात. म्हणून आवाज सलग येत नाही, थोडा वेळ येतो, थांबतो, परत येतो. पोराला सकाळी यातलं काही म्हणजे काही माहीत नसतं.

पहिलं काम, हात लावू नका. उठवायचं नाही, जबडा दाबून धरायचा नाही आणि दातांमध्ये रुमाल किंवा बोट तर अजिबात घालायचं नाही (मी बोट घातलं होतं, दोन दिवस दुखत होतं). उठवल्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेत दात खाणं वाढायचीच शक्यता जास्त.

दुसरं, रेकॉर्डिंग करा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. फोन उशीपासून हातभर लांब ठेवून दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ, असं तीन-चार रात्री. मग दिवसा शांतपणे ऐका, पण दात नाही, श्वास ऐका. घोरतंय का? तोंड उघडं टाकून श्वास घेतंय का? श्वास मधेच थांबून मग एकदम धाप लागल्यासारखा येतो का, मान मागे टाकून झोपतंय का, थंडीतही उशी घामाने ओली होते का? सर्दी असताना सगळीच पोरं घोरतात, ते सोडून द्या. पण सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ सुजून श्वासाची वाट अरुंद झालेली असू शकते, आणि दात खाण्याचा त्याच्याशी संबंध असू शकतो. अशा वेळी दातांच्या आधी बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि व्हिडिओ सोबत न्या. आपण तोंडाने कितीही वर्णन केलं तरी वीस सेकंदांच्या व्हिडिओची सर येत नाही.

तिसरं, दात बघा. एकट्याने जमत नाही, दोघांनी गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसायचं, पोराला एकाच्या मांडीवर त्याच्याकडेच तोंड करून बसवायचं आणि मग डोकं समोरच्याच्या मांडीवर येईल असं आडवं करायचं, पहिल्याने पोराचे हात धरायचे, दुसऱ्याने तोंडात बघायचं. वरच्या पुढच्या दातांच्या कडा आणि सुळ्यांची टोकं बघा. टोक बोथट होऊन सपाट झालंय का, टवका उडालाय का, मधे पिवळसर भाग दिसतोय का? दुधाच्या दातांवरचं इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) पक्क्या दातांपेक्षा बरंच पातळ असतं, पिवळं दिसायला लागलं म्हणजे तिथलं इनॅमल झिजत आलंय असं समजायचं आणि डेंटिस्टकडे जायचं. काही नसलं तरी एक जवळून फोटो काढून ठेवा. तसंही पहिला वाढदिवस होईपर्यंत एकदा डेंटिस्टची भेट झालेली बरी, ते आपल्याकडे राहूनच जातं.

आता जंत. हे कोणी ना कोणी सांगणारच, आम्हाला तर तिघींनी सांगितलं. दात खातंय म्हणजे जंत झालेत असं नसतं, नुसत्या आवाजावरून जंताचं औषध देऊ नका. शंका असेल तर पोर झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चने शीच्या जागी बघा, दोऱ्यासारखे पांढरे बारीक किडे दिसले किंवा रात्री तिथे सारखं खाजवत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध आणि डोस ते ठरवतील.

दाढा येत असतील तर तेही कारण असू शकतं. पहिल्या दाढा साधारण 13 ते 19 महिन्यांत, दुसऱ्या 23 ते 33 महिन्यांत येतात, तेव्हा झोपायच्या आधी स्वच्छ बोटाने हिरडी चोळा किंवा फ्रिजमधलं (फ्रीझरमधलं नाही) टीदर चावायला द्या. हिरडी बधिर करणारी बेंझोकेनची जेल 2 वर्षांखाली बिलकुल नको, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद धोकादायक रीतीने कमी होऊ शकते. गळ्यात घालायच्या टीथिंगच्या माळा पण नकोत, गळ्याला फास बसू शकतो.

झोपेचं गणित पण एकदा मांडून बघा. 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून 11 ते 14 तास लागतात, 3 ते 5 वर्षांच्या मुलाला 10 ते 13. आम्ही मोजलं तर साडेनऊच भरत होते! मग झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद, दंगामस्ती बंद, आणि रोज त्याच क्रमाने आंघोळ, ब्रश, गोष्ट, दिवा. घरात नवीन बाळ आलं असेल, पाळणाघर बदललं असेल, तर काही दिवस जास्त वेळ जवळ घेऊन झोपवा, ताणाने पण हे वाढतं.

रात्री दातांवर घालायचं गार्ड या वयात सहसा देत नाहीत, जबडा वाढत असतो आणि तुकडा घशात अडकायची भीती असते, त्यामुळे ऑनलाइन बघून मागवत बसू नका.

थांबू नये असं कधी? सकाळी उठून गाल किंवा कान धरून रडतंय, घास एकाच बाजूने चावतंय, गार पाणी तोंडात घेत नाहीये, दिवसासुद्धा सारखं दात खातंय किंवा नवीन औषध सुरू केल्यावर हे सुरू झालंय, तर अपॉइंटमेंट घ्या. दात खाताना हातपाय झटकतंय, डोळे वर फिरतायत किंवा हाक मारली तरी शून्यात बघतंय तर ते वेगळं प्रकरण आहे, लगेच डॉक्टर. आणि झोपेत श्वास थांबून ओठ निळे पडत असतील तर सकाळची वाट बघू नका.

आमची आता साडेतीन वर्षांची आहे. दुपारची झोप बुडाली की त्या रात्री हमखास करकर ऐकू येते, एरवी आठ-आठ दिवस काही नाही. दर सहा महिन्यांनी सुळ्याचा फोटो काढते आणि जुन्याच्या शेजारी ठेवून बघते, अजून तरी टोक तेवढंच आहे.