मुलांचे वाढलेले वजन आणि पालकांचा मोबाइल : नोंदी कशा ठेवाव्यात

शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलाचे वजन जास्त असल्याचे कळले की अनेक पालक मोबाइलवर कॅलरी मोजणारे एखादे ॲप घेतात आणि त्यात मुलाचे नाव भरतात. हे टाळावे. ही ॲप्स बहुधा प्रौढांसाठी बनवलेली असतात, आठवड्याला ठरावीक वजन घटवण्याचे लक्ष्य देतात, आणि वाढत्या वयाच्या मुलासमोर रोजचा आकडा ठेवला की त्याला अन्नाची धास्ती वाटू लागते. मोबाइलचा खरा उपयोग पालकांनी स्वतः नोंदी ठेवण्यासाठी आणि घराच्या सवयी तपासण्यासाठी आहे. तो मुलाच्या हातात देण्याची गरज नाही.

सुरुवात मोजमापापासून करावी. वजन महिन्यातून एकदा, सकाळी, हलक्या कपड्यांत, कडक फरशीवर ठेवलेल्या काट्यावर घ्यावे. उंची तीन महिन्यांतून एकदा पुरते. मुलाला अनवाणी उभे करून टाचा, पाठ आणि खांदे भिंतीला टेकवावेत, नजर समोर ठेवायला सांगावी, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून पेन्सिलीने खूण करावी आणि धातूच्या टेपने मोजावे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने उंची मोजण्याची सोय असली तरी त्यावर विसंबू नये, कारण एक-दोन सेंटिमीटरच्या चुकीनेही पुढचे गणित बिघडते.

ते गणित म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. प्रौढांची मोजपट्टी मात्र मुलांना लावता येत नाही. वय आणि लिंग यांनुसार तक्त्यावरच पाहावे लागते. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत प्रौढ वयातील २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिली ओलांडली तर वजन जास्त, दुसरी ओलांडली तर स्थूलता. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते वापरतात. वाढीचा आलेख काढणारे ॲप निवडताना ते यांपैकी कोणते तक्ते वापरते, हे आधी पाहावे, आणि नसेल सांगितले तर ते ॲप सोडून द्यावे.

आलेख ठेवण्याचे मोठे कारण पालकांना धीर देणारे आहे. समजा, नऊ वर्षांच्या मुलाची उंची १३२ सेंटिमीटर आणि वजन ३८ किलो आहे. बीएमआय सुमारे २१.८ येतो. वर्षभरात उंची १३८ झाली आणि वजन तेवढेच राहिले, तर बीएमआय २० च्या आसपास उतरतो. म्हणजे एक किलोही न घटवता मूल योग्य दिशेला जाते. वजन कमी करायचे की नुसते रोखायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. पण वाढत्या वयात पुष्कळदा रोखणेच पुरेसे असते, आणि उपाशी ठेवणे कधीही योग्य नसते.

यानंतर एक आठवडा घरातील सर्वांच्या खाण्याचे फोटो काढावेत, शनिवार-रविवार धरून. कॅलरी मोजू नयेत. फक्त वेळ, पदार्थ आणि त्या वेळी टीव्ही किंवा मोबाइल चालू होता का, एवढे टिपावे. रविवारी सगळे फोटो ओळीने पाहिले की जेवणाच्या ताटापेक्षा शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचे तासच बहुधा लक्ष वेधून घेतात : क्लासला जाताना वेफर्स, आल्यावर बिस्किटे, आजीने प्रेमाने दिलेली फरसाणाची वाटी, वर चॉकलेटची पूड घातलेले दूध. बदल तिथेच करावा, आणि एका वेळी एकच. चार वाजता पोहे, उकडलेले अंडे किंवा मोड आलेल्या उसळीची वाटी तयार असेल तर वेफर्सची मागणी पुष्कळ कमी होते.

पाकिटावरील बारीक अक्षरे वाचायलाही कॅमेरा उपयोगी पडतो. फोटो मोठा करून साखरेचा आकडा पाहावा, आणि तो १०० ग्रॅमला आहे की एका वेळच्या वाढपाला (सर्व्हिंग), याकडे लक्ष द्यावे. १०० ग्रॅमला २४ ग्रॅम साखर लिहिलेली असेल आणि पाकीट ७५ ग्रॅमचे असेल, तर ते संपवणाऱ्या मुलाच्या पोटात १८ ग्रॅम, म्हणजे सुमारे चार चमचे साखर जाते. मुलांना हे गणित आवडते. ते त्यांनाच करू द्यावे.

आई-वडील, आजी-आजोबा आणि पाळणाघरातील मावशी यांचा व्हॉट्सॲप गट करावा, कारण एकाने नाही म्हटलेले दुसऱ्याने दिले तर कोणताच बदल टिकत नाही. मात्र त्यात मुलाचे वजन किंवा त्याचा फोटो कधीही टाकू नये. नातेवाइकांच्या ‘गुटगुटीत’, ‘जाड्या’ अशा शेऱ्यांनी मूल चोरून खाऊ लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. पावले मोजण्यापेक्षा मैदानावर जाण्याची वेळ मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये रोज राखून ठेवणे सोपे. झोपेसाठी गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपमधून मुलाचे उपकरण ठरावीक वेळी बंद करता येते. जेवताना सर्वांचे फोन, वडिलांचाही, दुसऱ्या खोलीत असावेत. घरपोच खाद्यपदार्थांच्या ॲपची सूचना बंद करावी. संध्याकाळी सात वाजता येणारी सवलतीची सूचना फार महागात पडते.

काही खुणा दिसल्या तर नोंदी ठेवत थांबू नये : वजन वाढते पण उंची वाढत नाही, मानेवर किंवा काखेत काळपट मखमली कातडी दिसते, मूल रात्री जोरात घोरते, सारखी तहान लागते किंवा गुडघा वा खुबा दुखतो. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांकडे प्रत्यक्ष जावे. जवळ तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून मोफत सल्ला घेता येतो. भेटीच्या वेळी उंची-वजनाचा आलेख, आठवड्याचे फोटो आणि झोपेच्या वेळा मोबाइलवर एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात, आणि वजनाविषयीचे बोलणे शक्य तेवढे मूल समोर नसताना करावे.