मानसशास्त्र शिकून इतिहास-भूगोलाचे शिक्षक व्हायचंय? या चुका टाळा

दरवर्षी पंचवटीतल्या आमच्या शाळेत बी.एड.चे छात्राध्यापक पाठ घ्यायला येतात. त्यांत मानसशास्त्रात बी.ए. केलेले दोघं-तिघं हमखास असतात. मुलांवर मनापासून जीव असलेली ही मंडळी नको तिथे अडकतात, ते बघवत नाही.

पहिली चूक बी.ए.च्या पहिल्याच वर्षी होते. मानसशास्त्र घेताना जोडीला इतिहास, भूगोल किंवा राज्यशास्त्र घेतलं जात नाही. नववी-दहावीच्या वेळापत्रकात मानसशास्त्राचा तास नसतो, तो विषय अकरावीपासून येतो. बी.एड.ला अध्यापन पद्धती (म्हणजे शिकवायचे विषय) निवडताना आणि पुढे भरतीतही पदवीचे विषय बघितले जातात. पदवी आधीच झाली असेल, तर भरतीच्या जाहिरातीतली पात्रता शब्द न् शब्द वाचा, मगच पुढच्या पदवीवर पैसे घाला.

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट यांची गल्लतही नेहमीची. टीईटीचा पेपर दोन सहावी ते आठवीसाठी असतो. त्यात 150 पैकी बालमानसशास्त्राला 30 गुण आणि सामाजिक शास्त्रांना 60. आपल्या हक्काच्या 30 गुणांवर विसंबून 60 सोडू नका. टेट ही भरतीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ती वेगळी.

मला सर्वांत जास्त सलते ती चूक मात्र वर्गातली: शिकलेलं मानसशास्त्र वर्गाच्या दाराबाहेर ठेवणं. एका छात्राध्यापिकेने आठवीला काळाराम मंदिर सत्याग्रह शिकवला. फळा देखणा, तारीख ठळक: 2 मार्च 1930. शेवटी "समजलं का?" आणि एका सुरात "हो मॅडम!" दुसऱ्या दिवशी मी मुलांना पुस्तक मिटायला लावलं आणि वहीच्या मागच्या पानावर आठवेल ते लिहायला सांगितलं. तारीख बहुतेकांना आठवली. सत्याग्रह कशासाठी होता, हे चौघांनीच लिहिलं. मंदिर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर!

शिकलेलं उजळणीविना किती झपाट्याने विसरतं हे दाखवणारा, मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसने 1885 मध्ये मांडलेला विस्मरणाचा आलेख तिला तोंडपाठ होता, पण तो या वर्गालाही लागू आहे, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या तासापासून तिने सुरुवातीची पाच मिनिटं मागच्या पाठावरच्या तीन प्रश्नांना दिली, पुस्तक न उघडता. शिवाय मंदिराच्या पायऱ्यांपासून पाठ पुन्हा घेतला. तेव्हा एका मुलाने विचारलं, "माझी आजी रोज तिथे जाते. तिच्या आईला जाऊ देत नव्हते का?" त्या क्षणी अख्खा वर्ग गप्प झाला. मग दोघी-तिघींनी घरी विचारून येते म्हणून सांगितलं.

"हा दृश्य शैलीचा, ती श्राव्य शैलीची", म्हणजे हा बघून शिकणारा, ती ऐकून, अशी मुलांची वाटणी करू नका. शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त समजतं याला पुरेसा आधार नाही, असं 2008 च्या एका मोठ्या आढाव्यात पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. गोदावरीचं खोरं शिकवायचं तर नकाशा सगळ्यांनाच लागतो.

निदान करायचा मोहही आवरा. बी.ए.ने कुणी समुपदेशक होत नाही. नववीतला एक मुलगा रोज पहिल्या तासाला पेंगायचा. एका छात्राध्यापकाने त्याच्यावर "अवधानाची समस्या" असा शेरा मारला. मधल्या सुट्टीत मी त्याला जवळ बसवून विचारलं, "किती वाजता उठतोस रे?" मखमलाबादला त्यांच्या बागेत द्राक्षखुडा चालू होता. वडिलांबरोबर तो पहाटे चारला उठायचा.