इंजिन नवं बांधलं, तरी टॅपेट वाजतंय? या चुका टाळा

खान्देशात जुन्या गाड्यांचं वेड कमी नाही. धुळे, जळगाव, चाळीसगावच्या गॅरेजांत आजही ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि जुन्या पेट्रोल जीपची इंजिनं पूर्ण उघडून बांधली जातात. बोअर, पिस्टन, बेअरिंग, हेड असं सगळं होतं, गाडी पहिल्यांदा सुरू होते आणि वरून ‘टक टक टक’ ऐकू येतं. मग कुणीतरी सांगतं, "टॅपेट जरा कसून घ्या, जाईल आवाज."

आवाज जातो, आणि काही महिन्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्हही जातो. गॅप, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारी तरफ) आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट, कमी पडला की व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) पूर्ण टेकत नाही. त्याची उष्णता सीटमधून हेडकडे आणि पाण्याकडे जायला हवी, ती जात नाही आणि कड जळते. थोडा वाजणारा टॅपेट कानाला त्रास देतो, अजिबात न वाजणारा टॅपेट व्हॉल्व्ह खातो. म्हणून पाना हातात घेण्याआधी आवाज नेमका कुठून येतोय ते शोधा.

आवाज टॅपेटचा आहे हे आधी ठरवा

इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. आयडलिंग ८०० आरपीएम असेल तर एका सैल टॅपेटचे ठोके मिनिटाला ४०० पडतात. त्याच्या दुप्पट वेगाने आवाज येत असेल तर संशय क्रँककडे न्या. एकेका प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाला अर्थ करा. एखाद्या सिलिंडरची वायर काढताच ठोका मऊ झाला किंवा गेला, तर तो कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, गजन पिन किंवा पिस्टनचा आहे. व्हॉल्व्हच्या आवाजाला प्लगच्या वायरने फारसा फरक पडत नाही.

टॅपेटसारखेच वाजणारे दोन ठग आहेत. एक म्हणजे मॅनिफोल्डच्या गॅस्केटची गळती. थंड इंजिनात ती जास्त वाजते, लोखंड तापून फुगलं की कमी होते. पुन्हा बांधलेल्या इंजिनात ही फार सापडते, कारण हेडचं फेसिंग (ब्लॉकवर बसणारी बाजू घासून सपाट करणं) होतं पण मॅनिफोल्डच्या बाजूकडे कुणी पट्टी लावून पाहत नाही. दुसरा ठग मेकॅनिकल फ्युएल पंप. त्याचा आर्म कॅमच्या एक्सेंट्रिकवर चालतो, त्यामुळे ठोका टॅपेटच्याच तालात पडतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाला लावली की समजतं. पुढच्या कव्हरमधून येणारी सततची खरखर बहुधा टायमिंग चेनची असते.

एवढं झालं की रॉकर कव्हर काढा, इंजिन आयडलला ठेवा आणि पातळ फिलर (गॅप मोजायची) पट्टी एकेका रॉकरखाली सरकवा. ज्या रॉकरखाली पट्टी गेल्यावर ठोका बसतो, तोच वाजतोय. थोडं तेल उडेल, म्हणून एक्झॉस्टवर जुना पत्रा आडवा धरा.

गॅप लावताना होणाऱ्या चुका

आधी हेडचे नट, मग टॅपेट. नवीन गॅस्केट पहिल्या तापण्यात दबते, त्यामुळे हेड पुन्हा टॉर्क करावं लागतं. हेड खाली बसलं की रॉकरची पेडेस्टल्स (रॉकर शाफ्टचे पाय) ब्लॉकच्या जवळ येतात, पुशरॉड (खालून रॉकर ढकलणारी दांडी) तेवढाच राहतो आणि गॅप कमी होतो. टॅपेट आधी लावून नंतर हेड कसलं तर काळजीने लावलेला गॅप आपोआप चुकतो.

ॲम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात, म्हणजे बीएमसी बी-सिरीजमध्ये, रॉकर पेडेस्टलचे चार नट हेडचेही नट आहेत. ‘फक्त रॉकर शाफ्ट काढतो’ म्हणून तेच चार ढिले केले तर हेड एका बाजूने सैल पडतं आणि पाणी गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये उतरू शकतं. रेडिएटरचं पाणी आधी काढा, हेडचे सगळे नट क्रमाने थोडे थोडे ढिले करा, मगच शाफ्ट उचला. हे न केल्यामुळे ‘टॅपेटच्या कामात’ गॅस्केट गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

या इंजिनाचा गॅप गरम असताना १५ थाऊ, म्हणजे ०.०१५ इंच (०.३८ मिमी). पुढच्या बाजूने, रेडिएटरकडून, व्हॉल्व्हना १ ते ८ क्रमांक द्या आणि नवाचा हिशोब ठेवा: ८ पूर्ण उघडा असताना १ लावायचा, ६ उघडा तर ३, ४ उघडा तर ५, २ उघडा तर ७, आणि त्याच्या उलट. दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ. व्हॉल्व्हचा क्रम एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट आणि पुढे तसाच. लॉकनट कसल्यावर गॅप पुन्हा मोजा, कारण नट घट्ट होताना स्क्रू थोडा फिरतोच.

पद्मिनीचे आकडे वेगळे, इसुझू इंजिनाच्या ॲम्बेसेडरचे तर पूर्ण वेगळे, कारण त्याचा कॅम हेडमध्ये आहे. जुन्या पेट्रोल जीपमधल्या एफ-हेड इंजिनाचे इनलेट वर रॉकरने चालतात, एक्झॉस्ट मात्र ब्लॉकमध्ये असतात. वरचे चार लावून कव्हर बसवलं आणि कडेचं कव्हर उघडलंच नाही, हा प्रकार नेहमीचा. तिथे थंड इंजिनावर इनलेट १८ थाऊ आणि एक्झॉस्ट १६ थाऊ. मे महिन्यात भर दुपारी उन्हात उभ्या जीपला ‘थंड इंजिन’ म्हणू नका. रात्रभर सावलीत उभी राहिल्यावर सकाळी लावा.

गॅप बरोबर, तरी ठोका

सर्वांत जास्त फसवतो तो रॉकरच्या टोकाला पडलेला खड्डा. जुना रॉकर व्हॉल्व्हच्या दांड्यावर घासून मध्ये खोल होतो. फिलरची सपाट पट्टी खड्ड्याच्या दोन्ही कडांवर टेकते. पट्टी १५ सांगते, खरा गॅप असतो २० किंवा २२. बोटाचं नख टोकावरून फिरवा, कड लागली तर खड्डा आहे. तेवढंच टोक त्याच गोलाईत ग्राइंड करून घ्या, किंवा फिलरऐवजी डायल गेजने गॅप घ्या. थर फार गेला असेल तर रॉकर बदलण्याला पर्याय नाही.

दुसरी जागा रॉकर शाफ्ट. स्प्रिंग आणि पुशरॉड दोन्ही रॉकरला वर ढकलतात, म्हणून शाफ्ट खालच्या बाजूने झिजतो आणि वरून चकचकीत दिसतो. ‘शाफ्ट चांगला आहे’ असं म्हणण्याआधी तो काढून उलटा करून पाहा. बुश बदलायचे ठरले तर लेथवाल्याला एक गोष्ट लिहून द्या: बुश दाबल्यावर रॉकरमधलं तेलाचं छिद्र बुशमधूनही पाडायचं, नंतर रीमर मारायचा. छिद्र राहून गेलं तर नवीन बुश कोरडा चालतो आणि जुन्यापेक्षा जास्त वाजतो. शाफ्टच्या टोकाचा प्लग काढून आतला चिखल साफ करा आणि प्लग परत लावा. तो उघडा राहिला तर तेलाचा दाब तिथूनच निघून जातो. रॉकरांमधल्या स्प्रिंगा आणि वॉशर मूळ क्रमाने बसले नाहीत तर रॉकर आडवे सरकून वाजतात.

तेल वर येतंय का?

कव्हर काढून आयडलला मिनिटभर पाहा. प्रत्येक रॉकरमधून तेल ओघळलं पाहिजे. एखादाच कोरडा असेल तर दोष त्याच्या बुशात. सगळे कोरडे असतील तर तीन गोष्टी तपासा. कॅमच्या नव्या बेअरिंगचं छिद्र ब्लॉकच्या छिद्रासमोर आलेलं नाही; हेड गॅस्केट उलटी बसली, तिच्यावर ‘टॉप’ लिहिलेलं असतं पण घाईत कोण वाचतो; किंवा एका पेडेस्टलमधून वर जाणारी तेलाची वाट धुताना राहिलेल्या मातीने बुजली. पहिली चूक सर्वांत महाग, कारण तिच्यासाठी इंजिन पुन्हा उतरवावं लागतं. म्हणून बेअरिंग दाबल्यावर लगेच तारेने छिद्र आरपार आहे की नाही ते पाहा.

एप्रिल-मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना, चांगलं तेलसुद्धा आयडलला पातळ होतं. २०W-५० मिनरल तेल या इंजिनांना आणि या हवेला सोयीचं. मात्र आवाज दाबायला जाड तेल किंवा बाटलीतला ‘ट्रीटमेंट’ टाकणं म्हणजे दोष झाकणं. नवीन इंजिनात तर हे अजिबात करू नका, तुमचा निदानाचा कानच बंद होतो.

कॅम आणि टॅपेट: इथे घाई करू नका

नव्या किंवा ग्राइंड केलेल्या कॅमवर जुने टॅपेट (कॅमवर बसून पुशरॉड ढकलणारे खरे टॅपेट) टाकणं ही पैसे वाचवण्याच्या नावाखाली होणारी सर्वांत महाग चूक. टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो आणि कॅमच्या लोबला (उंचवट्याला) हलका उतार असतो, म्हणून टॅपेट चालताना फिरत राहतो. जुना टॅपेट तळाला सपाट किंवा खोलगट झालेला असतो. तो फिरत नाही, एकाच जागी घासतो आणि काही तासांत लोबचं टोक खातो. मग गॅप लावला की दोन दिवसांत पुन्हा वाढतो. वारंवार एकच व्हॉल्व्ह सैल पडत असेल तर टॅपेट काढून तळ बघा, एकाच जागी घासल्याची सरळ रेष किंवा खड्डे असतील तर कॅमही बघावाच लागेल.

नवीन जोडी बसवताना लोब आणि टॅपेटच्या तळाला मॉली असेंब्ली पेस्ट लावा. इंजिन सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने थोडं थोडं फिरवून तेलाचा दाब आणा. पंपाच्या गिअरांत वॅसलीन भरलं असेल तर दाब लवकर येतो. पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलिंगला सोडू नका. १५०० ते २५०० आरपीएममध्ये वेग कमी-जास्त करत २० मिनिटं चालवा, कारण आयडलला लोबवर उडणारं तेल फार कमी असतं. त्यासाठी रेडिएटर भरलेला, टायमिंग जवळपास बरोबर आणि पेट्रोल पुरेसं, हे सगळं आधीच तयार हवं. पहिलं तेल त्यानंतर लगेच बदला. तेल निवडताना जस्त-फॉस्फरसचं प्रमाण पाहा. सपाट टॅपेटला ते लागतं, आणि नव्या पातळ पेट्रोल-तेलांत ते कमी केलेलं असतं.

हेडवाल्याकडून होणारे घोटाळे

हेडचं फेसिंग केल्याने रॉकर आणि व्हॉल्व्हची भूमिती बिघडते असं सरसकट सांगितलं जातं. तसं होत नाही, कारण पेडेस्टल आणि व्हॉल्व्ह दोन्ही हेडवरच आहेत. २० थाऊ फेसिंग झालं तर ॲडजस्टिंग स्क्रू तेवढा मागे घ्यावा लागतो, एवढंच. खरी गडबड सीट खोल कापल्याने होते. व्हॉल्व्ह वर सरकतो, रॉकर दांड्याच्या मध्यावर न पडता कडेला पडतो आणि दांडा गाइडमध्ये आडवा ढकलला जातो. दांड्याच्या टोकाला मार्कर लावा, इंजिन हाताने काही फेऱ्या फिरवा, घासलेली पट्टी मध्यावर आहे का ते पाहा. कडेला असेल तर दांड्याचं टोक थोडं ग्राइंड करा. पण टोकाची कडक कातडी पातळ असते, १० थाऊंच्या पुढे जाऊ नका. तेवढ्याने भागत नसेल तर पेडेस्टलखाली शिम (पातळ पत्री).

सीट खोल गेल्याने व्हॉल्व्ह जेवढा वर आला, तेवढी स्प्रिंगही सैल बसते. गाडी कन्नड घाट चढताना गिअर खाली टाकल्यावर वरच्या आरपीएमलाच खडखड येत असेल, आयडलला नाही, तर हा संशय पहिला घ्या. स्प्रिंगखाली तेवढ्याच जाडीचा शिम घाला आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत हे तपासा.

नवे गाइड दाबून रीमर न मारता दांडा घट्ट ढकलून बसवला तर तापल्यावर व्हॉल्व्ह अडकतो. तेव्हा ठोका कधी येतो, कधी जातो. असा अधूनमधून येणारा आवाज गॅपने कधीच जाणार नाही. पुशरॉड मात्र सोपे: काचेवर लोळवा, डुलणारा फेका, सरळ करायचा प्रयत्न करू नका.

आणखी एक. देशभर शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. जुन्या कास्ट आयर्न हेडमध्ये कडक सीट इन्सर्ट घातले नसतील तर एक्झॉस्ट सीट हळूहळू आत जाते आणि गॅप वाढण्याऐवजी कमी होतो. आवाज बसत चालला म्हणून खूश होऊ नका. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर आणि पुढे दर ५००० किलोमीटरला फिलर घालून मोजा. एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी भरत असेल तर हेड उतरवून इन्सर्टचं काम सांगा.