अ‍ॅक्टिव्हिटीवॉचचे आकडे पटत नाहीत? आधी या चुका तपासा

कुठल्या प्रोग्रॅममध्ये आणि कुठल्या संकेतस्थळावर किती वेळ गेला हे मोजणारं ‘अ‍ॅक्टिव्हिटीवॉच’ फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि सगळ्या नोंदी तुमच्याच डिस्कवर ठेवतं. तरी ‘हे काहीतरीच दाखवतंय’ म्हणून ते काढून टाकणारे पुष्कळ. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बरोबर असतं, त्याच्याकडून आपली अपेक्षा चुकीची असते.

आत दोन पहारेकरी असतात. पहिला साधारण दर सेकंदाला समोरच्या खिडकीचं नाव आणि शीर्षक टिपतो. दुसरा फक्त कीबोर्ड-माउस हलतोय का एवढंच बघतो. दोघंही आपापल्या नोंदी तुमच्याच संगणकावरच्या सर्व्हरला देतात, आणि तो ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या (म्हणजे तुमच्याच संगणकाच्या पत्त्याच्या) ५६०० क्रमांकाच्या पोर्टवर दिसतो. दुसऱ्या मॉनिटरवर उघडी असलेली पण क्लिक न केलेली खिडकी मोजली जात नाही, हे इथेच कळून जावं.

‘तीन तास वाचत होतो, दिसतोय एकच’

ही सर्वांत नेहमीची तक्रार. १८० सेकंद कीबोर्ड-माउसला हात लागला नाही, तर तुम्ही जागेवर नाही असं धरलं जातं. तेही तिसरं मिनिट संपल्यापासून नाही, शेवटच्या क्लिकपासून मागे जाऊन. म्हणजे चार मिनिटं शांतपणे पीडीएफचं पान वाचलंत, तर चारही मिनिटं गेली.

लोक लगेच दुसऱ्या पहारेकऱ्याची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उघडून १८० चे ६०० करतात, पण त्या ओळीच्या सुरुवातीचं हॅश चिन्ह (#) तसंच ठेवतात. ते असेपर्यंत ओळ वाचलीच जात नाही, मग काहीच बदलत नाही. चिन्ह काढा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. पण आकडा फार वाढवू नका, नाहीतर चहाला उठलात तरी काम चालूच दिसेल. शिवाय हा बदल जुन्या नोंदींना लागू होत नाही.

माझं मत विचाराल तर आधी अहवालातला गैरहजेरी वगळणारा फिल्टर पाहा. समोर खिडकी कोणती होती ही नोंद तुम्ही उठून गेलात तरी चालूच राहते. गैरहजेरी वजा होते ती फक्त अहवाल दाखवताना. तो फिल्टर काढला की पूर्ण वेळ दिसतो. आवाज येत असलेला ब्राउझर टॅब सक्रिय धरण्याचा पर्याय तिथेच आहे, व्याख्यानं ऐकणाऱ्यांच्या कामाचा. ऑनलाइन मीटिंगसाठी सेटिंग्जमध्ये ‘नेहमी सक्रिय’ धरायच्या खिडक्यांचा नियम लिहिता येतो.

वर्गवारीतला गोंधळ

‘काम’, ‘करमणूक’ असे वर्ग रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरात शोधायच्या अक्षरांचा नमुना लिहून, ठरतात, आणि नियम शब्द नाही, अक्षरं शोधतो. ‘एआय’ची दोन इंग्रजी अक्षरं नुसती लिहिलीत, तर ‘मेल’च्या स्पेलिंगमध्येही ती सापडतात आणि अख्खा ई-मेल त्या वर्गात जाऊन बसतो. याहून वाईट म्हणजे नियमाच्या शेवटी चुकून राहिलेली उभी रेघ. ती रेघ म्हणजे ‘किंवा’. तिच्यापुढे काहीच नसलं की ‘किंवा काहीही’ असा अर्थ होतो. सगळा दिवस एकाच वर्गात दिसला तर आधी हे बघा.

मराठी शीर्षकांसाठी देवनागरी शब्द खुशाल वापरा. फक्त शब्दाची सीमा दाखवणारं चिन्ह त्यांना लावू नका. पायथनवर चालणारा सर्व्हर काना-वेलांटीला अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘मराठी’सारखा वेलांटीने संपणारा शब्द सापडतच नाही.

दिलासा एवढाच की वर्गवारी अहवाल काढताना होते. नियम आज सुधारलात की गेल्या महिन्याचे आकडेही सुधारतात.

काहीच दिसत नसेल तर

संकेतस्थळांचा भाग रिकामा असेल, तर ब्राउझर एक्स्टेन्शन टाकायचं राहिलंय. ते प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळं टाकावं लागतं आणि खासगी खिडकीसाठी वेगळी परवानगी लागते. मॅकवर प्रोग्रॅमची नावं येतात पण शीर्षकं येत नाहीत, तेव्हा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी तपासा. अपडेटनंतर ती काढून पुन्हा द्यावी लागू शकते. लिनक्सवर सगळं ‘अननोन’ दिसलं तर कारण बहुधा वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा. मूळ पहारेकरी एक्स११ या जुन्या यंत्रणेसाठी लिहिलेला आहे. वेलँडसाठी ‘अवॉचर’ नावाचा पर्यायी पहारेकरी मिळतो.

रात्री एक वाजता केलेलं काम कालच्या तारखेला दिसतं, ही मात्र चूक नाही. इथे दिवस पहाटे ४ ला सुरू होतो. सेटिंग्जमध्ये वेळ बदलता येते.

एक गोष्ट लोक विसरतातच. खिडकीच्या शीर्षकात ई-मेलचा विषय, बँकेचं पान, डॉक्टरांच्या रिपोर्टच्या फाइलचं नाव, सगळं येतं आणि ते कुलूपबंद नसतं. तुमच्या खात्यात लॉग-इन करू शकणारा कोणीही ते वाचू शकतो. घरात एकच खातं सगळे वापरत असतील तर आधी खाती वेगळी करा, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर विचारल्याशिवाय टाकू नका.

हे सगळं करूनही पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ आली, तर ‘रॉ डेटा’च्या पानावरून नोंदी एक्स्पोर्ट करून घ्या. वर्गवारीचे नियम त्यात येत नाहीत. ते सेटिंग्जमधून वेगळे उतरवून ठेवावे लागतात.