करकरणारी लाकडी जमीन: या चुका टाळा

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या माणसांचा पहिल्याच हिवाळ्यात फोन येतो: "पाळण्याशेजारी पाय ठेवला की जमीन करकरते, बाळ दचकून उठतं. स्क्रू मारून टाकू का?" मारा, पण आवाज कशाचा ते आधी समजून घ्या. हीटर सुरू झाला की हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि सबफ्लोअरचं, म्हणजे वरच्या लाकडाखालच्या थराचं, प्लायवूड खालच्या जॉइस्टना, म्हणजे जमीन पेलणाऱ्या आडव्या तुळयांना, धरून ठेवणारे खिळे सैल होतात. पाय पडला की प्लायवूड त्या खिळ्यावर वरखाली घासतं. ती फट मिटवायची आहे.

म्हणूनच काळे ड्रायवॉल स्क्रू (भिंतीचे जिप्सम बोर्ड बसवायचे) दिसले की माझं डोकं उठतं. गॅरेजमध्ये डबा पडलेला असतो, दुकानात जायचा कंटाळा, मग तेच मारतात. एका मित्राने कार्पेट उचलून दुपारभरात तीसेक ठोकले. महिनाभरात करकर परत. मी गेलो तर काहींची डोकी तुटून पडलेली. उरलेले एकेक करून काढण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. हा स्क्रू कडक असतो, पण ठिसूळ. ये-जा सुरू झाली की मोडतो. शिवाय याचे आटे थेट डोक्यापर्यंत असतात, त्यामुळे प्लायवूड आट्यांवरच अडकतं, खाली ओढलं जात नाही. मी आठ नंबरचे अडीच इंची, वरचा भाग गुळगुळीत असलेले लाकडाचे स्क्रू घेतो, आणि मारताना त्याच जागेवर उभा राहतो, म्हणजे वजनाने फट दबते.

जॉइस्ट एकमेकांपासून 16 इंचांवर असणारच, असं धरून चालू नका. भिंतीपाशी, जिन्यापाशी अंतर बदलतं, आणि जॉइस्टची जाडी जेमतेम दीड इंच. नेम चुकला तर स्क्रू जॉइस्टच्या कडेला घासतो आणि नवीनच आवाज सुरू होतो. मी आधी बारीक ड्रिल घालतो. प्लायवूड संपताच ते एकदम सुटलं तर खाली पोकळी आहे. भुसा येत राहिला तर जॉइस्ट मिळाला.

बाथरूम-किचनमध्ये पाइप आणि वायरी कुठून गेल्यात ते बघितल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका.

बेसमेंटमधून जॉइस्ट आणि प्लायवूडमधल्या फटीत पाचर घालणार असाल तर हातोडा दूर ठेवा. पाचरीला गोंद लावून हाताने सरकवा, टेकली की थांबा. जोरात ठोकली की प्लायवूड वर उचलतं आणि शेजारचे खिळेही सुटतात. खालून स्क्रू मारणाऱ्यांनी सबफ्लोअर आणि वरचं हार्डवूड यांची एकूण जाडी मोजावी, स्क्रू त्याहून पाव इंच आखूडच हवा.