कुत्र्याच्या पिसवांचं औषध घेताना घरातलं मांजर आधी मोजा

चिपळूणपासून थोडं आत, बाजाराच्या तोंडाशी आमचं मेडिकल आहे. औषधं माणसांची, पण पाऊस लागला की काउंटरवर हात टेकून कोणीतरी विचारतंच, "वहिनी, कुत्र्याला पिसवा झाल्यायत, कायतरी द्या." कोणी खरजेचं मलम मागतं, कोणी उवांचं औषध. कोणाच्या पिशवीत शेजाऱ्यानं दिलेली गुरांच्या औषधाची अर्धी बाटली असते आणि तिचं झाकण कशाने मोजायचं, एवढंच विचारायचं असतं. मी यातलं बरंच काही देत नाही, म्हणून लोक नाराज होतात. का देत नाही, हे गिऱ्हाइकांच्या गर्दीत सांगून होत नाही. म्हणून इथे सवडीने लिहिते.

आधी पिसूच आहे ना, ते बघा. आपल्याकडे पिसू आणि गोचीड दोन्हींना एकच औषध मागतात. गोचीड कातडीला तोंड रुतवून एका जागी बसते, रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी फुगते, आणि तिला आठ पाय असतात. पिसू सहा पायांची, अंगाने चपटी, तपकिरी. केस बाजूला केले की पळते, नाहीतर उडी मारते. दिसली नाही तरी तिची विष्ठा सापडतेच. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या खालच्या भागात केस उलटे फिरवले की काळी मिरी कुटून टाकल्यासारखे बारीक कण दिसतात. ते ओल्या कापसावर घ्या. माती असेल तर काळी राहते, पिसवांची घाण असेल तर कापसावर तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि चुकीच्या औषधाचे पैसे वाचतात. एक उदाहरण देते. अमिट्राझ नावाचं पाण्यात घालून अंघोळीचं औषध गोचीड आणि खरजेसाठी सर्रास वापरतात. पिसवांवर त्याचा भरवसा नाही. शिवाय मधुमेह असलेल्या माणसाने ते हाताळू नये आणि मधुमेही कुत्र्यालाही लावू नये. हे बाटली विकणाराही क्वचितच सांगतो.

आता आमच्या घरी झालं ते सांगते. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. आमचा खंड्या गावठी, सतरा किलोचा, पडवीत गोणपाटावर झोपणारा. पिसवांनी खाजवून खाजवून त्याची कंबर उघडी पडली होती. मी मानेवर टाकायचं थेंबांचं औषध आणलं. त्यात फिप्रोनिल आणि परमेथ्रिन दोन्ही होतं. वजन बघून पिपेट, म्हणजे एका मात्रेची छोटी नळी घेतली, कातडीवर नीट टाकली. खोक्याच्या कोपऱ्यात मांजराच्या चित्रावर फुली मारलेली होती, तीही मी पाहिली. मला वाटलं, मांजराला लावू नका एवढाच त्याचा अर्थ. मी लावणारच नव्हते. पण आमची मांजर ठमी रोज रात्री खंड्याच्या मानेत तोंड खुपसून झोपते, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी आलं नाही.

पहाटे उठले तर ठमी चुलीपाशी उभी होती. कान सारखे फडफडत होते. पाठीची कातडी आपोआप थरथरत होती, आणि पुढचा पाय ती पाण्यात पडल्यासारखा झटकत होती. जवळ घेतलं तर अंगभर कापरं. भांड्यांचं साबण लावून कोमट पाण्याने तिला धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि उजाडायच्या आत गुरांच्या डॉक्टरांकडे निघालो. सलाईन आणि स्नायू सैल करायची इंजेक्शनं, असे दोन दिवस गेले. ती वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, परमेथ्रिनवर असा खास उतारा नाही. झटके आवरायचे, अंग धुवायचं आणि विष उतरेपर्यंत जनावर जगवायचं, एवढंच हातात असतं. कुत्र्याचं यकृत परमेथ्रिनचा निचरा करतं. मांजराच्या यकृताला ते काम नीट जमत नाही, म्हणून कुत्र्याला चालणारा थेंब मांजराला मारू शकतो.

म्हणून आता दुकानात मी पहिला प्रश्न हा विचारते की घरात मांजर आहे का? शेजारचं येऊन बसतं का? मांजर असेल तर खोक्यावरच्या घटकांत "परमेथ्रिन" दिसलं की ते खाली ठेवा. खरजेचं ५ टक्क्यांचं मलम, उवांचं औषध यांतही बहुतेक परमेथ्रिनच असतं. ते माणसांसाठी आहे, कुत्र्यावर चोपडण्यासाठी नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही त्याच गोत्रातली नावं. कृषी सेवा केंद्रात गुरांसाठी मिळणारी ही औषधं तीव्र असतात. ती झाकणाने अंदाजे पाण्यात ओतून कुत्र्यावर ओतणं मला अजिबात मान्य नाही. अंगावरचं औषध कुत्रा चाटतो, हे गाईच्या हिशेबाने केलेल्या मापात धरलेलं नसतं.

मग घ्यायचं काय? नुसतं फिप्रोनिल असलेले थेंब हा जुना आणि बऱ्यापैकी सुरक्षित पर्याय आहे. आठ आठवड्यांच्या वरच्या पिल्लापासून चालतात. पिपेटा वजनाप्रमाणे असतात: १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० ला २.६८. मोठी पिपेट घेऊन दोन कुत्र्यांत वाटू नका. अर्धं कुठे संपतं ते डोळ्यांनी कळत नाही. एकाला कमी पडतं, दुसऱ्याला जास्त होतं. थेंब दोन खांद्यांच्या मध्ये, केस दुभंगून थेट कातडीवर टाकायचे, कारण तिथे त्याची जीभ पोचत नाही. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही, वाळेपर्यंत मुलांनी हात लावायचा नाही. आमच्याकडच्या पावसात इथेच फसतं. कुत्रा थेंब टाकल्यावर तासाभरात भिजून येतो आणि मग औषधच खोटं म्हणून बोंब होते. दोन दिवस त्याला पडवीत बांधून ठेवता येणार नसेल तर थेंबांच्या वाटेला जाऊ नका. आणि घरात ससे असतील तर फिप्रोनिल त्यांच्या आसपास नकोच, सशाला ते घातक आहे.

सेलामेक्टिनचे थेंब सहा आठवड्यांच्या पिल्लालाही चालतात. गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या कुत्रीसाठी डॉक्टर बहुतेक तेच सुचवतात.

आम्ही त्या श्रावणानंतर गोळीवर आलो. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सारोलेनर, लोटिलेनर अशी नावं असतात, सगळी एकाच कुळातली. गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, पिसू चावली की मरते. अंगावर काही राहत नाही, म्हणून ठमी त्याच्या मानेत झोपली तरी मला घोर नाही, आणि खंड्या पऱ्ह्यात डुंबून आला तरी औषध धुऊन जात नाही. अफॉक्सोलेनर महिनाभर चालतं, फ्लुरालेनर पिसवांवर बारा आठवडे. फ्लुरालेनर जेवणाबरोबरच द्यायचं, उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. मी भाताच्या मुटक्यात घालून देते. पण याही औषधाला एक बाजू आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने या सगळ्या कुळाबद्दल इशारा दिला की काही जनावरांना कापरं, तोल जाणं, आकडी असे त्रास होऊ शकतात. औषधं बाजारातून काढली नाहीत, कारण बहुतेक कुत्र्यांना ती सोसतात. तुमच्या कुत्र्याला पूर्वी कधी आकडी आली असेल, अगदी एकदाच, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही गोळी देऊ नका. आणि गोळी महाग आहे, हे खरं. पण दर महिन्याला तीनशे रुपयांच्या चुकीच्या गोष्टी घेणारी माणसं मी रोज बघते.

गळ्यातले पट्टेही मिळतात. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिनवाला चांगला पट्टा आठ महिन्यांपर्यंत चालतो. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील इतकाच घट्ट ठेवा, उरलेलं टोक कापून टाका. दोन कुत्री एकमेकांचे पट्टे चावत असतील तर हा पर्याय सोडा.

इंजेक्शन मारून द्या, असंही लोक म्हणतात. ते बहुधा आयव्हरमेक्टिन असतं. पिसवांवर त्याचा नेहमीच्या मात्रेत उपयोग होत नाही, आणि कोलीसारख्या जातीच्या कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतं.

घरगुती उपायांबद्दल सासूबाईंशी माझे मतभेद झाले, पण आता त्यांनाही पटलंय. रॉकेल नको. कातडी भाजते, आणि चाटताना फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. कापूर खोबरेलात विरघळवून लावू नका, चाटल्यावर आकडी येऊ शकते. गोणपाटाखाली डांबर गोळ्या ठेवू नका. लसूण खाऊ घालू नका, त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. टी ट्री तेल नैसर्गिक म्हणून विकतात, तेही विषारीच. गॅमेक्झिन पावडर कोणाच्या माळ्यावर जुन्या डब्यात अजून निघते. तिच्यावर केव्हाच बंदी आली आहे, तिला हातही लावू नका. चालेल ती एकच गोष्ट, आणि ती खरंच उपयोगी आहे: बारीक दातांची फणी. बाजूला साबणाचं पाणी भरलेलं तांब्याएवढं भांडं ठेवायचं, फणीत अडकलेली पिसू त्यात बुडवायची. साध्या पाण्यावर ती तरंगते आणि उडून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना हाच उपाय, औषध नाही. अशा पिल्लाच्या हिरड्या वर करून बघत जा. गुलाबी असायला हव्यात. पांढरट दिसल्या तर पिसवांनी रक्त ओढलंय, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वजनाचा अंदाज बांधू नका. "असेल पंधरा-वीस" हे वजन नाही. कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. खंड्या उचलून घेत नाही, म्हणून आम्ही त्याला तांदळाच्या दुकानातल्या सपाट काट्यावर बसवतो. तो आता स्वतः चढून बसतो, कारण तिथे त्याला टोस्ट मिळतो.

आता बऱ्याच जणांचं गाडं अडतं ते इथे. औषध दिलं, आठ दिवसांत पिसवा परत. औषध खोटं नसतं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांच्या पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती केसांवरून घसरून कुत्रा झोपतो तिथे पडतात. अळ्या उजेड टाळून फटींत, सारवणाच्या भेगांत, गोणपाटाच्या विणीत शिरतात. कोष तर महिनोन्‌महिने वाट बघतो. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास लागला की फुटतो. गणपतीला मुंबईचे लोक वर्षभर बंद असलेलं घर उघडतात आणि दाराच्या आत पाऊल टाकताच पोटऱ्यांवर पिसवा चढतात, त्याचं कारण हेच. घरात कुत्रा नसतो, पण कोष तिथेच बसलेले असतात.

म्हणून औषध देता त्याच दिवशी कुत्र्याचं अंथरूण कढत पाण्यात धुवा. गोणपाट असेल तर सरळ जाळा, आणि कापूस भरलेल्या गादीऐवजी जुनी चादर घाला, ती दर आठवड्याला धुता येते. पडवीचे कोपरे केरसुणीने खरवडून काढा आणि केर लगेच जाळा, दारामागे ठेवू नका. ऊन पडलं की सगळं उन्हात. घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांवर एकाच वेळी उपचार करा, मांजराला मांजराचंच औषध. आणि तीन महिने चिकाटीने चालू ठेवा, कारण आधीचे कोष त्या काळात एकेक करून फुटत राहतात. शेवटी जंताची गोळीही द्या. शेपटीखाली किंवा अंथरुणावर काकडीच्या बीसारखे पांढरे कण दिसले तर तो पिसू गिळल्यामुळे झालेला पट्टकृमी असतो. नेहमीच्या जंताच्या औषधाने तो जाईलच असं नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेली गोळी मागा.

औषध दिल्यावर दोन दिवस जनावरावर नजर ठेवा. लाळ, उलटी, कापरं, पाय ओढणं, असं काही दिसलं तर थांबू नका. थेंब टाकले असतील तर भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्याने धुवा. गरम पाण्याने औषध आणखी शोषलं जातं, गार पाण्याने अंग थंड पडून झटके वाढतात. जनावर आधीच झटके देत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, निघा. तोंडात दूध, तेल, मीठ काही ओतू नका. आणि खोका फेकू नका. डॉक्टर पहिलं विचारतात ते औषधाचं नाव आणि मात्रा, आणि पहाटे घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही. आमच्याकडे खोक्याचा घटकांचा भाग कापून फ्रीजला चिकटवलेला असतो, आणि शेजारी कॅलेंडरवर गोळी दिल्याची तारीख लाल पेनाने.