सत्कार समारंभाची तयारी: सुरुवात हाकेच्या नावापासून

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंचा आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांचा सत्कार ज्यांच्याकडे सोपवला असेल, त्यांना सभागृह, ध्वनिक्षेपक आणि पाहुणे यांविषयी मी काही सांगणार नाही. ती कामे कोणीतरी करतेच. माझ्या यादीतली पहिली नोंद एवढीच आहे की प्रत्येक सत्कारमूर्तीला रोज कोणत्या नावाने हाक मारतात, ते विचारून अधिकृत नावाशेजारी लिहून घ्यावे. गेल्या वेळी मी नोंदणी अर्जावरून यादी उतरवली. निवेदकाने आडनावासकट पूर्ण नाव तीनदा पुकारले, आणि ज्याचे ते नाव होते तो जलतरणपटू दुसऱ्या रांगेत बसून, दुसऱ्याच कोणाचे तरी कौतुक चालले आहे अशा समजुतीने, सर्वांबरोबर मनापासून टाळ्या वाजवत राहिला. निवेदक ‘अनुपस्थित’ म्हणून पुढे गेला आणि पदक पेटीत परत गेले. आठ दिवसांनी ते मी तरणतलावावर नेऊन दिले, तेव्हा टाळ्या वाजवायला चौघे होते.

हाकेचे नाव आधी खेळाडूलाच विचारावे, मग प्रशिक्षकाकडून खात्री करून घ्यावी, आणि निवेदकाकडून संपूर्ण यादी एकदा मोठ्याने वाचून घ्यावी. अर्जावर विसंबू नये.

स्पर्धा स्पेशल ऑलिम्पिक्सच्या, म्हणजे बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंसाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, पद्धतीने झाल्या असतील तर पदकांचा हिशेब क्रीडाप्रकारांवर नव्हे, गटांवर करावा लागतो. वय, लिंग आणि प्राथमिक फेरीत दिसलेली क्षमता पाहून साधारणपणे ३ ते ८ खेळाडूंचे गट पाडले जातात, त्यामुळे धावण्याच्या एकाच अंतराला दहा गट असतील तर सुवर्णपदकेही दहा लागतात, आणि बरोबरी झाल्यास त्याहून जास्त. पहिल्या तिघांना पदके, चौथ्या ते आठव्या क्रमांकापर्यंत फिती, आणि शर्यत पूर्ण न करू शकलेल्यालाही सहभागाची फीत द्यायची असते. ‘सगळ्यांनाच दिले तर बक्षिसाला किंमत काय,’ असा प्रश्न समितीत कोणीतरी विचारतोच. त्याच्याशी वाद घालत न बसता फितींची मागणी पदकांबरोबरच नोंदवून मोकळे व्हावे, कारण नंतर त्या हमखास कमी पडतात.

पाहुण्यांना बोलण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. समोरच्या प्रौढांना ‘ही निरागस मुले’ म्हणू नये. या स्पर्धांसाठी किमान वय ८ वर्षे आहे, कमाल वयाची अट नाही, आणि पंचेचाळिशीतल्या गोळाफेकपटूला ‘बाळा’ म्हणून गाल कुरवाळणारा पाहुणा मी पाहिलेला आहे. दुसरे म्हणजे, पदक गळ्यात घालायचे की हातात द्यायचे, हे खेळाडूला विचारावे. पूर्वी शर्यतीच्या शेवटी धावपटूला मिठी मारण्यासाठी खास स्वयंसेवक उभे करत असत. हेतू चांगलाच होता, पण अनोळखी माणसाने कवटाळलेले सर्वांना रुचते असे नाही.

स्वयंसेवकांच्या बाबतीत नेहमीची फजिती ही, की ज्यांचा सत्कार आहे तेच त्या दिवशी खुर्च्या लावत असतात, आणि नाव पुकारले जाते तेव्हा ते वाहनतळावर असतात. त्या वेळेपुरती त्यांची कामे दुसऱ्यांना नेमून द्यावीत. प्रमाणपत्रावर ‘निःस्वार्थ सेवेबद्दल’ असे छापून कोणाचाही सन्मान होत नाही. ‘तीन हंगाम चौथ्या मार्गिकेवर वेळ नोंदवली’ असे लिहिले तर तो माणूस ते जपून ठेवतो. युनिफाइड स्पोर्ट्समध्ये बौद्धिक दिव्यांगत्व नसलेले जोडीदार त्याच संघातून खेळतात. त्यांना स्वयंसेवकांच्या रांगेत उभे करू नये, ते संघाबरोबरच उभे राहतील. आणि हाकेचे नाव स्वयंसेवकांचेही विचारावे, कारण मैदानावर वर्षानुवर्षे ‘ताई’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या बाईंचे आडनाव आयत्या वेळी कोणालाही आठवत नाही.

आदल्या दिवशी त्याच मंचावर, त्याच पायऱ्यांवरून रंगीत तालीम घ्यावी, आणि तीत नावे प्रत्यक्ष पुकारावीत. माझ्याकडे तालीम झाली होती, पण वेळ वाचवण्यासाठी मी नुसते क्रमांक पुकारले. नाव पुकारले असते तर चूक तिथेच उघडी पडली असती. ‘मला जिंकू दे, पण जिंकता आले नाही, तर प्रयत्नात धैर्य दाखवू दे’ ही स्पेशल ऑलिम्पिक्सची शपथ खेळाडूनेच द्यावी, आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळ धरावा, मध्येच ‘चला, पुढे’ म्हणणाऱ्याला मंचापासून दूर बसवावे.

उरलेले थोडक्यात. छायाचित्रांसाठी पालकांची संमती असली तरी खेळाडूलाही सोप्या शब्दांत विचारावे. फुगे फोडू नयेत, कर्णे वाजवू नयेत, गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी शेजारची एक शांत खोली उघडी ठेवावी. कार्यक्रम तासाभरात संपवावा. पाणी. जादा पदके. यादीच्या दोन प्रती काढाव्यात, कारण निवेदक ऐनवेळी बदलतो. आणि हाकेचे नाव दुसऱ्या प्रतीवरही आहे ना, हे स्वतः पाहावे.